लांबूच्या उशीचा अभ्रा

चादरवाली आणि तिचा नवरा लांबू यांची भांडणं ऐकायला मी त्यांच्या कुंपणापाशी चपलेचा बंद नीट करायच्या निमित्तानं रेंगाळायचो. लपवायचं कशाला! तळ्याकाठच्या हॉटेलांच्या चादरी धुणं हा तिचा धंदा. लांबू ताडमाड, म्हणून घड्या घालायला सोयीचा. दोघं चादरीची टोकं धरून ताणायची, मग एकमेकांकडे चालत यायची. हाताला हात लागला की तो म्हणायचा, "मालकीणबाई, पगार?"

"व्हा मागे, पुढची घ्या."

या वयात! मी आपला बंदाकडे बघायचो.

मग तळं पर्यटकांच्या डोळ्यांत भरलं. पैसा आला, खोटं कशाला बोलू. माझ्याही भिंतींना रंग लागला. पण गाड्यांची रीघ लागली, वीज पुरेना, आणि दर हॉटेलामागे जनरेटर धडधडू लागला. मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरला चादरी दुपारच्या आत हव्या. चादरवालीनं कपडे वाळवायचं यंत्र घेतलं, यंत्रासाठी जनरेटर. त्याची काजळी दोरीवरच्या चादरींवर बसायला लागली, तेव्हा तिनं डोकं लढवलं आणि धुराचं नळकांडं घराच्या मागच्या अंगाला फिरवलं. चादरी पांढऱ्याशुभ्र! आठवडाभर स्वतःचीच पाठ थोपटत होती.

लांबू मात्र खोकायला लागला. अंगणात येईना. ती एकटीच हनुवटीखाली चादर धरून घड्या घालायची आणि ओरडायची, "काम चुकवायला खोकता काय हो?"

"अगं, गारठा बाधलाय," आतून उत्तर.

एका सकाळी तिनं त्याच्या उशीचा अभ्रा धुवायला घेतला. पाणी काळं. बदललं, तरी काळं. साऱ्या गावच्या पाहुण्यांची अंथरुणं उजळणारी बाई त्या पाण्याकडे बघत राहिली. मग मान वर केली. लांबूच्या खाटेजवळची खिडकी, आणि बरोबर तिच्याखाली ते नळकांडं.

ओला अभ्रा मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली. त्या दिवशी मी बंदाला हात न लावता पुढे गेलो.

तिनं जनरेटर बंद केला आणि मॅनेजरला सांगितलं, "चादरी उन्हात वाळतील. संध्याकाळी मिळतील."

"मावशी, पाहुणे दुपारी येतात. मला परवडायचं नाही हो."

"मला नवरा घालवणं परवडायचं नाही."

तो बिचारा वाईट नव्हता. पण काम गेलं. आता दोन छोट्या लॉजच्या चादरी तेवढ्या उरल्यात. खोकला गेला म्हणाल, तर नाही. कमी झालाय. हॉटेलांमागची नळकांडी का तिच्या हातात आहेत?

परवा लांबू अंगणात आला. दोघांनी चादर ताणली, जवळ आली.

"मालकीणबाई, धंदा बसला. आता पगार कुठला?"

"तरी मागायला येताच की," ती म्हणाली.

आणि मागे व्हा म्हणायचं विसरली. बंद कधीचाच नीट झाला होता. मी गुपचूप निघालो.