दोन फेरे जास्त वाफ

गडचांदूरच्या रस्त्यावर बॉयलरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड काढणारा एक लहानसा कारखाना होता. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या प्रयोगशाळेत लागले. एका टॉवरमध्ये द्रावण धुरातला वायू शोषून घ्यायचं. दुसऱ्यात वाफेने तापवलं की ते वायू सोडायचं, आणि तेच द्रावण थंड होऊन पुन्हा पहिल्या टॉवरला जायचं. ही वाफ ज्यांच्या हातात होती त्यांना सगळे चाचा म्हणत.

उन्हाळ्यात सोडा-वॉटरच्या कारखान्यांकडून वायूची मागणी वाढली. साहेबांनी फोनवर सांगितलं, वायू वाढवा. मी चाचांना वाफ वाढवायला सांगितली.

"नाई बेटी. जास्त तापवलं का ते जळते. मंग कोन्या कामाचं नाई."

माझ्या तपासणीत तसं काहीच दिसत नव्हतं. शुक्रवारी ते दुपारच्या नमाजाला गेले, तेव्हा मीच व्हॉल्व्ह दोन फेरे जास्त उघडला. वायू वाढला. परत आल्यावर त्यांनी वाफेच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या," मी म्हणाले. मी हुद्द्याने वरची होते. त्यांनी राहू दिलं.

दहा-बारा दिवसांत द्रावण डांबरासारखं काळं पडलं, टॉवरमध्ये फेस चढला आणि प्लांट बंद करावा लागला. साहेब आले.

"वाफ कोणी वाढवली?"

मी लॉगबुकात मान घातली. चाचा थोडे थांबले. मला वाटतं, माझ्यासाठीच थांबले. मग म्हणाले, "वॉल्व माह्याच ताब्यात होता, साहेब."

त्यांना राख उचलायच्या कामावर टाकलं. महिनाभरात ते सोडून गेले. मला पुढे बढतीही मिळाली.

सात-आठ वर्षांनी मी त्यांचं घर शोधत गेले. ते ओसरीवर स्टोव्ह दुरुस्त करत बसले होते. चहा घेता घेता मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी हातातली पिन खाली ठेवली.

"मले तं माईतच होतं. पन माह्या पोट्ट्याले माईत नाई. बापानं प्लांट खराब केला, असंच समजते तो. पाच वाजता येते. थांब, त्याले सांग."

मी हो म्हटलं. साडेचारला मात्र मी उठले. चंद्रपूरची बस चुकेल, मी म्हणाले. चाचा रस्त्यापर्यंत सोडायला आले. त्यानंतरही बस होत्या. ते त्यांनाही माहीत होतं.