अक्कांचा घोटा

हे आजवर मी कुणापुढं बोलले नाही — नवऱ्यापुढंही नाही. आताही आधी स्वतःच्याच पायाबद्दल लिहावंसं वाटतंय. तेवढं सोपं जातं.

तर, माझा घोटा. गावाहून कळंबला शाळेत शिकवायला जाताना स्कूटरवरून पडले. हाड मोडलं, जुळलं तेही वाकडं, आणि काही वर्षांत सांधा झिजून गेला. सोलापूरला तो बदलून घेतला. दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. तेव्हा माझं सगळं कुणी केलं? थोरल्या जाऊबाईंनी — अक्कांनी. त्यांना स्वतःला तरुणपणापासूनचा संधिवात. बोटं वाकडी, घोटे सुजलेले. भिंत धरत माझं ताट आणायच्या आणि वर म्हणायच्या, "लंगडीला लंगडी सापडली बघ."

मी दुखण्याशिवाय चालायला लागले. पुढच्या तपासणीला अक्कांनाही नेलं — मीच नेलं, चांगल्या मनानं. डॉक्टरांनी त्यांचा घोटा पाहिला, एक्स-रे काढले. मग अक्का उठल्याच. "तुमचं इंग्रजी चालू द्या, म्या बाहेर बसते." आमच्या घरात तसंच आहे. डॉक्टर असो की कचेरी, शिकलेलीनं आत ऐकायचं आणि बाहेर येऊन सांगायचं.

डॉक्टर म्हणाले, यांचंही होईल. वात असला तरी दुखणं तुमच्यासारखंच थांबतं, चालणंही जवळपास तेवढंच सुधारतं. जखम भरायला उशीर लागू शकतो, जंतुसंसर्गापासून जपावं लागेल, वाताची काही औषधं मध्ये थांबवावी लागतील. आणि घरी दीड-दोन महिने करणारं माणूस हवं.

करणारं माणूस — म्हणजे मी. दुसरं कोण होतं? सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचंही अक्काच बघत. आणि मला त्याच वर्षी मुख्याध्यापिका व्हायचं होतं. त्या खोलीपासून बाहेरच्या बाकापर्यंत किती पावलं असतील? तेवढ्यात ठरलं. नाही — ठरलं म्हणू नये. मी ठरवलं.

"काय म्हनला गं डाक्टर?"

"तुमच्या वातात तो सांधा टिकत नाही म्हणाले, अक्का."

त्या हसल्या. "बरं झालं. दोघीबी पलंगावर पडलो असतो तर म्हातारीला चहा काय म्हशीनं केला असता?"

मी मुख्याध्यापिका झाले. सासूबाई गेल्या. त्यानंतर तरी सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. अक्का आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातात, मध्ये दोनदा थांबून.

गेल्या महिन्यात त्यांच्या माहेरच्या नात्यातली एक बाई आली, माकणीची. तिलाही हाच वात. पिशवीत एक्स-रे. डॉक्टर सांधा बदला म्हणतात, करू का, एवढं विचारायला ती आली होती.

"नगं बाई," अक्का म्हणाल्या. "आपल्या वाताला त्यो सांधा टिकत न्हाय. आमच्या मास्तरीणबाईनं सोता इचारलंय डाक्टरला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली — हो, अशी.

मग तिला एसटीला सोडायला फाट्यापर्यंत गेले. ती थांबत थांबत चालत होती. मी तिच्या चालीनं चालले, आणि बोलले नाही.