अर्धी म्हणजे किती

इंदूवहिनींना भाकरी मोजलेली चालायची नाही. त्या थापायला बसल्या आणि कोणी सहज "किती झाल्या?" असं विचारलं, की हातातली भाकरी तशीच ठेवून वर बघायच्या. "का? टोपल्याला नजर लावायची का?" "घास मोजला की अंगाला लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी कॉस्टिंगमधला माणूस. सिन्नरच्या कारखान्यात कच्च्या मालाचा ग्रॅमपर्यंत हिशेब ठेवण्यात माझा जन्म गेला. घरीसुद्धा गॅसची टाकी किती टिकली ते मी कॅलेंडरवर लिहितो. वहिनी त्यावरून मला कायम टोचायच्या. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणायच्या, "बाई, मोजून खाणारा नवरा मिळाला तुला. निदान तू तरी मोजून वाढू नको. नाहीतर घरात पाहुणा टिकायचा नाही."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं घर नामपूरला, बाजारापासून जवळ. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे असले की ओळखीचा कोणी ना कोणी जेवायला यायचाच. वहिनींचं वाढणं बघण्यासारखं असे. माणूस "बस, बस" म्हणत ताटावर आडवा हात धरायचा. वहिनी म्हणायच्या, "बरं, अर्धी घ्या." अर्धी घ्यायला कोणी नाही म्हणत नाही. ती संपली की उरलेली अर्धी, मग नव्या भाकरीतली अर्धी. जेवून उठताना त्या माणसाला कोणी विचारलं असतं तर त्यानंही "अर्धीच घेतली" असंच सांगितलं असतं. आमच्याकडे एक खाल्ली, दोन खाल्ल्या असं तोंडाने सांगायची रीत नाही. खाणारा अर्धी सांगतो, वाढणाराही अर्धीच म्हणतो आणि कोणाला त्यात खोटं वाटत नाही.

दादाची किडनी गेली तेव्हा वहिनी त्याला एसटीने नामपूरहून नाशिकला डायलिसिसला आणायच्या. मी गाडी पाठवतो म्हणालो तर "ती तुमच्या नोकरीची गाडी, आमची एसटी बरी" म्हणून मोकळ्या व्हायच्या. आत दादा खुर्चीत, बाहेर बाकावर वहिनी, मांडीवर डबा. परत जाताना दादा एसटीत खिडकीला डोकं टेकून बसायचा, बोलायचा नाही. "त्या खुर्चीत माणूस बसतो, पण उठतो तो दुसराच," असं त्या एकदा मला म्हणाल्या. दादा गेल्यावर मी त्यांना आमच्याकडे नाशिकला घेऊन आलो. काही काळाने त्यांचेही पाय सुजू लागले. तपासणी केली तर तेच दुखणं निघालं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अजून डायलिसिसची वेळ आलेली नाही. मीठ, डाळी, पोटॅशियम असलेले पदार्थ आवाक्यात ठेवले आणि पोटभर खाल्लं तर ती वेळ बरीच लांबवता येईल. "कमी पण नको, जास्त पण नको," असं ते दोनदा म्हणाले. वहिनींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल ते सोडीन. पण त्या खुर्चीत मी बसणार नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. वहिनींना खुर्चीपासून लांब ठेवायचं होतं, आणि ते ताटात काय पडतं यावर होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद दिला. त्यात फुलके होते, ओट्स होते, इडली होती, भाकरी नव्हती. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "एखादं ॲप घ्या ना काका. रोजचं खाणं त्यात भरा, पुढच्या वेळी मला दाखवा." मला ते पटलं. मोजता येतं ते सांभाळता येतं, हे मी आयुष्यभर बघितलेलं.

केतकीने, माझ्या मुलीने, पहिलं ॲप घेतलं आणि वहिनींच्या शेजारी बसली. "काकू, आज काय खाल्लं?"

"कळण्याची भाकर आन् शेवेची भाजी."

कळणा म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ. नामपूरकडे, आमच्या बागलाणात, लहान पोरालाही माहीत. ॲपने 'कळणा'च्या जागी केळं धरलं आणि पोटॅशियमची पट्टी लालभडक झाली. शेव म्हणजे हिंदीतलं 'सेब' समजून तिच्या जागी सफरचंद आलं. केतकी हसून लोळायला लागली. वहिनी गंभीरपणे म्हणाल्या, "केळाची भाकर आन् सफरचंदाची भाजी! सुनंदा, ऐकलं का, श्रीमंताघरचं जेवले मी आज." वहिनी रंगात आल्या की माहेरची अहिराणी बाहेर यायची. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमना फोनले भूक लागस का? मग त्याले काय समजी?"

दुसऱ्या ॲपला फोटो दाखवायचा होता. त्याने कळण्याच्या भाकरीला चॉकलेट पॅनकेक म्हटलं. तिसरं मराठीत होतं, पण त्यात 'सर्व्हिंग'चं भाषांतर करून 'एक सेवा वरण' असं लिहिलेलं. वहिनींनी फोनला हात जोडले, "घडली बाई सेवा." चौथ्यात भाकरी होती, पण एकच, आणि तीही हातरुमालाएवढी असावी असं तिच्या वजनावरून दिसत होतं. वहिनींची भाकरी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ती त्याच्या दुपटीहून जड निघाली. वहिनी काट्याकडे बघत राहिल्या. "वजन करून विकायची का?" एवढंच म्हणाल्या, पण चेहरा उतरला. आपण केलेली भाकरी तराजूत घातलेली त्या पहिल्यांदा बघत होत्या.

चतुर्थीला निराळाच प्रकार. तोवर त्या स्वतः फोन हाताळायला शिकल्या होत्या. त्या ॲपमध्ये 'उपवास' असं बटण होतं. वहिनींनी ते दाबलं. फोनने काहीच न खाल्ल्याचं धरलं आणि फुलं उधळून अभिनंदन केलं. "बघा, फोनसुद्धा देवभोळा आहे," त्या मला दाखवायला आल्या. दुसऱ्या हातातल्या बशीत बटाट्याची भाजी आणि दाण्यांचा लाडू होता. त्यांना जे दोन पदार्थ सगळ्यात वर्ज्य, नेमके तेच. मी सांगितलं तेव्हा बशी खाली ठेवत म्हणाल्या, "उपासालासुद्धा पथ्य? मग देवाला काय सांगू, फोन नाही म्हणतो?" त्यांनी उपास सोडले. कोणाशी वाद घातला नाही. पण त्यानंतर चतुर्थीच्या दिवशी त्या घरात फारशा बोलायच्या नाहीत.

शेवटी खरोखर चांगलं ॲप सापडलं. कोणीतरी जाणकाराने केलेलं असावं. त्यात कळणा होता, शेवभाजी होती, मिरचीचा ठेचा खानदेशी वेगळा आणि कोल्हापुरी वेगळा होता. भाकरी लहान, मध्यम, मोठी. पाव, अर्धी, पूर्ण. नसलेला पदार्थ आपण घटकांसह भरू शकत होतो. मी एका रविवारी बसून वहिनींचे सगळे पदार्थ त्यात वजन करून भरले. आहारतज्ज्ञ बाई बघून म्हणाल्या, "काका, इतकं नीट कोणीच भरत नाही." मला बरं वाटलं. पट्टी हिरवी असेपर्यंत ठीक, मर्यादा ओलांडली की लाल. वहिनींना तेवढं कळत होतं. लाल म्हणजे खुर्ची.

मग आमचा क्रमच ठरला. दुपारी घरी कोणी नसायचं. मी कारखान्यात, सुनंदा तिच्या शाळेत, केतकी कॉलेजला. संध्याकाळी मी फोन घेऊन बसायचो.

"वहिनी, दुपारी काय?"

"अर्धी."

"मोठीतली की मध्यम?"

"तुमच्या फोनला जी आवडेल ती."

"आणि भाजी?"

"होती ना. दुधीची. लिहा."

मी लिहायचो. पट्टी हिरवी राहायची. कधी रात्रीचं ताट समोर आलं की त्या म्हणायच्या, "दुपारी जरा जडच झालं, आता दूधभात पुरे." त्या मधूनमधून स्वतःच विचारायच्या, "आज हिरवं आहे ना?" हो म्हटलं की मान हलवायच्या आणि टीव्हीचा आवाज वाढवायच्या. सुनंदाला त्यांचा चेहरा बारीक वाटायचा. मी दर आठवड्याला वजन घेत होतो आणि वजन जिथल्या तिथे होतं. "अगं, आकडा बघ," असं मी सुनंदाला म्हणालो. ती म्हणाली, "मी बांगड्या बघते आहे. कोपरापर्यंत सरकतात."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वहिनींच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग त्यांनी दंडाची कातडी चिमटीत धरली. माझ्या हातातल्या फोनकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, "हे वजन पाण्याचं आहे. अंगावर मांस राहिलेलं नाही. या जेवत नाहीत."

मी म्हणालो, "रोजची नोंद आहे."

"नोंद असेल. जेवण नाही."

त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. मी कॉटजवळ बसलो तेव्हा वहिनी छताकडे बघत होत्या. मी विचारलं, "वहिनी, रोज अर्धी म्हणत होता तुम्ही."

"मग काय म्हणू? आपल्यात दुसरं काय म्हणतात?"

"पण खात होता का?"

"भाऊजी, अर्धी म्हणजे खाल्ली असं नसतं हो. अर्धी म्हणजे विचारू नका." आणि मग समजूत घालावी तशा स्वरात, "खाल्लंच नाही तर लाल कशाने होईल? तुमचा फोन जास्त झालं तर ओरडतो. कमी झालं तर गप्प असतो. मी बघून ठेवलं होतं."

दुपारची भाकरी सोसायटीच्या फाटकाशी येणाऱ्या गाईला जायची, असं नंतर वॉचमनकडून कळलं. तो म्हणाला, "काकू म्हणायच्या, सांगू नका बरं का घरी, लय हिशेबी माणसं हायत." तो हसत सांगत होता. त्याला काही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आता डायलिसिसशिवाय मार्ग नव्हता आणि डायलिसिस सोसायला लागतं ते बळ शरीरात उरलं नव्हतं. जिच्या भीतीने वहिनी उपाशी राहिल्या, त्या खुर्चीत त्यांना बसवणंही आता शक्य नव्हतं. मी आकडे विचारले. त्यांनी सांगितले. ते सगळे मला कळत होते आणि त्यातल्या एकाचंही मला काही करता येत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी राउंडला आल्यावर डॉक्टर वहिनींना म्हणाले, "आजी, काय खावंसं वाटतं? आता पथ्य नको. आवडेल ते खा." सुनंदाचा चेहरा एकदम उजळला. वहिनींनी मात्र माझ्याकडे पाहिलं. दादाच्या वेळी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आम्ही दोघांनी ऐकलं होतं. सुनंदा तेव्हा तिथे नव्हती.

"सुटलं का पथ्य?" वहिनी म्हणाल्या. "बरं झालं." मग सुनंदाला, "डुबुकवडे कर. तिखट कर. जमेल ना तुला, का फोनला विचारतेस?"

सुनंदा दुपारी डबा घेऊन आली. डुबुकवडे म्हणजे उकळत्या आमटीत सोडलेले बेसनाचे वडे. डब्याचं झाकण उघडताच खोलीभर लसणाचा वास पसरला. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनीही मान वळवली. वहिनींना उठवून बसवलं. सुनंदाने वडा कुस्करून चमचा ओठाशी नेला. वहिनींनी तोंड उघडलं, घास आत घेतला, जिभेवर घोळवला. गिळता आला नाही. सुनंदाने रुमाल पुढे केला, त्यांनी घास त्यात हळूच काढला आणि लाजल्यासारखं हसल्या.

"भाऊजी, तुम्ही खा. गरम आहे तोवर. मी बघते."

मी नको म्हणालो. त्यांनी नुसता हात हलवला, वाढताना हलवायच्या तसा. मी डबा मांडीवर घेतला आणि पहिला घास तोंडात घातला. आमटी झणझणीत होती, वडे मऊ झाले होते आणि त्यात मीठच नव्हतं. इतक्या महिन्यांत सुनंदाच्या हाताला मिठाच्या डब्याकडे न जायची सवय लागली होती. सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. वहिनीही बघत होत्या, घासागणिक, डोळे न मिटता.

"मीठ बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि डबा संपवला.