डॉल्फिनला दिलेलं आवतन

आमच्या गावच्या बागेतला डॉल्फिन सिमेंटचा होता. यवतमाळ जिल्ह्यात दुसरा येणार कुठून? माझ्या सासऱ्यांनी तर जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पण माझ्या मुलीपुढे 'सिमेंटचा' म्हणायची सोय नव्हती. सहा वर्षांची पोरगी, पण फणकारा असा की विचारू नका. माझ्यावर गेलीय म्हणतात. असो.

बाग म्हणजे दोन झोके, एक घसरगुंडी आणि मधोमध हौद. त्या हौदात हा डॉल्फिन, कमानीसारखा वाकलेला. पाठीवरचा निळा रंग पार घासून गेलेला, कारण गावातलं एकेक पोर त्याच्यावर बसून गेलेलं. त्याच्या तोंडातून म्हणे कारंजं उडायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तरी कधी उडालं नाही. तोंडात नळी तेवढी राहिली होती. त्या नळीला तोंड लावून बोललं की आतून आवाज घुमून यायचा.

शाळेत बाईंनी काही विचारलं की माझी पोरगी मान खाली घालायची. या नळीशी मात्र तिच्या गप्पा संपायच्या नाहीत. कोणी चिडवलं, डब्यात काय होतं, मम्मी कशी ओरडली, सगळं तिथं सांगून व्हायचं. "तो आयकते अन् मंग बोलते," म्हणायची. खरं सांगू? मला त्या नळीचा हेवा वाटायचा.

मग पोळा आला. सासऱ्यांचे गुडघे गेले तसे आमच्याकडचे बैलही गेले, शेत आता ट्रॅक्टरवर चालतं. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी ते सोडत नाहीत. वर्षभर जू ओढून दुखलेल्या बैलांच्या खांद्यांना आमच्याकडे त्या दिवशी तूप-हळद लावतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. आता बैल नाहीत, तर मातीची जोडी पाटावर मांडून सासरे तिचेच खांदे पळसाच्या पानानं चोळतात. पोरगी शेजारी बसून बघत होती.

"आबा, यायले हे काहून लावता?"

"खांदे दुखतात माय त्यायचे. वर्षभर वझं वाह्यतात."

ती विचारात पडली. थोड्या वेळानं पाहते तर तुपाची वाटी गायब, आणि पोरगीही.

बागेतच सापडली. हौदातल्या पावसाच्या पाण्यात उभी, आणि डॉल्फिनची पाठ हळदीनं पिवळीजर्द. "मम्मी, याच्यावर सारे बसतात. यालेबी दुखते ना." एवढं बोलून तिनं नळीला तोंड लावलं आणि आबांच्याच सुरात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

घरचं लोणकढं तूप! माझं डोकंच फिरलं. हात धरून तिला घरी आणलं. "अजून बोलणं राह्यलं मह्यं," ती रस्ताभर म्हणत होती.

घरी सासऱ्यांना सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "आवतन देल्लं ना तिनं? मंग ताट जाईन," म्हणाले. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट झाकून घेतलं आणि शेजारच्यांच्या ऑटोत आम्ही चौघं निघालो. सासरे धुवट धोतर नेसलेले, नवरा ऑटो चालवत होता, आणि मी पुटपुटत होते की गाव हसेल आपल्याला. पोरगी तेवढी खुशीत होती. "त्याले गोड आवडते," सांगत होती.

बागेत हौद रिकामा! तळातून लोखंडी सळया वर आलेल्या, बाकी काही नाही. राखणदार म्हणाला, "इथं सेल्फी पॉइंट होऊन राह्यला. ठेकेदाराची मानसं आलती सकाळी, ट्रॉलीत घालून घेऊन गेले."

"पोळ्याच्या दिवशी?" मी त्याच्यावरच ओरडले. "लाज नाही वाटली?"

"बाहेरगावचे हायेत बाई. त्यायले कायचा पोळा?"

पोरगी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मम्मी, तो आपल्या घरी तर नाई गेला?"

सासरे आधीच ऑटोत जाऊन बसले होते. "चाल," ते मुलाला म्हणाले, "ट्रॉली पाहू."

मग आमचं ते फिरणं! दिसेल त्याला विचारायचं, "ट्रॉली पाह्यली का भौ? आत मोठा मासा होता." पोरगी प्रत्येक वेळी दुरुस्ती करायची, "मासा नाई, डॉल्फिन." चौकात पोळ्याला निघालेले बैल, झुली, घुंगरं, आणि मधे अडकलेला आमचा ऑटो. पोरगी बाहेर वाकून ओरडत होती, "सरका, सरका, आमचा पाव्हणा उपाशी हाय!" लोक हसले, मलाही हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं. पुढे चहाच्या टपरीवर कोणीतरी उमरखेडच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. नाल्याजवळ खड्डा भरायचं काम चाललं होतं.

डॉल्फिन तिथंच होता, तीन तुकडे झालेला. पाठीच्या तुकड्यावर हळद तशीच होती. नवऱ्यानं पालथं पडलेलं डोकं सरळ केलं. नळी वाकलेली, आत चिखल. पोरीनं बोटानं चिखल काढला, तोंड लावून काहीतरी बोलली, कान लावला. पुन्हा बोलली.

"बोलत नाई," ती म्हणाली.

सासऱ्यांनी चिखलातच ताट ठेवलं. पोळीचा घास त्या तोंडाला लावला आणि हात जोडले. "उशीर झाला, माफ करजो बाप्पा."

"आबा, आपन कालच काहून नाई जेवू घातलं त्याले?"

प्रत्येक गोष्टीचं उत्तर असणारा माणूस. "रीत हाय माय," एवढं बोलले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. मला तर तिच्याकडे बघवेना. अजून बोलणं राहिलंय म्हणत होती पोर. थांबले असते थोडी, तर काय बिघडलं असतं? ते राहिलेलं बोलणं काय होतं, तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. ते तिचं आणि त्याचं होतं.

बागेत आता लाल बदामाचा सेल्फी पॉइंट आहे. ती तिकडे जात नाही.

पुढच्या वर्षी सासऱ्यांनी पुन्हा मातीची जोडी मांडली. पोरीनं तूप-हळद लावली, हळूच, चांगली चोळून. सासरे बैलांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या," आणि पुढचं तिनं म्हणावं म्हणून थांबले.

ती उठली, आत गेली. शाळेच्या डब्यात उरलेली पोळी घेऊन आली. तिचे दोन तुकडे केले आणि एकेका बैलापुढे ठेवले.

"उद्या नाई," ती बैलांना म्हणाली. "आत्ताच जेवून घ्या."

रीत तसूभर हलली तरी सासऱ्यांना खपत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा गडवा बैलांपुढे सरकवला.