बंद घरात गुंडाळलेली कॉइल

सुरुवातीलाच माफी मागतो. या ग्रुपवर इतकी वाचणारी, लिहिणारी माणसं आहेत, त्यांच्यात मी मध्येच तोंड घालतोय. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर लिहिलं ते फक्त प्रॅक्टिकलचे रिपोर्ट. त्यामुळे हेही तसंच कोरडं वाटेल कदाचित... सांभाळून घ्या.

आणि दुसरं — मी असल्या अतर्क्य गोष्टी मानत नाही. इथले अनुभव मी जेवताना गंमत म्हणून वाचायचो. अजूनही ‘मानतो’ म्हणायला जीभ रेटत नाही. जे झालं ते फक्त सांगतो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दोन खोल्या, वर पत्रा, मागच्या भिंतीपलीकडे टॉवेलचा कारखाना. माझे वडील तिथेच मागावर काम करतात. दिवसभर मागांची खटखट चालू असते. ती थांबली की उलट आम्हाला चुकल्यासारखं होतं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतच लिहितोय.

माझा मित्र सलीम एका हौशी नाटक मंडळात लाईटचं काम बघतो. त्याच्यामुळे मीही तिथे जायला लागलो. मंडळ चालवतात त्या मॅडम शाळेत शिक्षिका आहेत, आणि नाटकात आईचं काम स्वतःच करतात. शेवटच्या प्रसंगात ती आई एकटी बसलेली असते, उजेड हळूहळू कमी होत जातो आणि अगदी अंधार व्हायच्या आधी ती हलक्या आवाजात एकच वाक्य बोलते. सगळं नाटक त्या वाक्यावर उभं आहे.

गेल्या वर्षी स्पर्धेत नेमकं तेव्हाच स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ सुरू झालं. उजेड जितका मंद, तितका आवाज मोठा. मागून कोणीतरी ओरडलं, “ओ, ती पिठाची गिरणी बंद करा की आधी!” सगळं थिएटर हसलं. मॅडमचं वाक्य त्या हसण्यात गेलं.

दोष डिमरचा होता. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारं सर्किट, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं समजा. वीज लाटेसारखी येते. साधा डिमर प्रत्येक लाटेचा थोडा भाग अडवून धरतो आणि मग एकदम सोडतो. तो ‘एकदम’ हाच सगळा घोळ. दर लाटेला वीज धक्क्याने सुरू होते, आणि तो धक्का माईकच्या केबलमध्ये शिरून स्पीकरपर्यंत पोहोचतो.

यावर्षी मॅडम म्हणाल्या, “नको बाई ते मंदावणं. शेवटी सरळ लाईट बंद करू.” मी घाबरत घाबरत म्हटलं, “मॅडम, मला एक संधी द्या. आवाज न करणारा डिमर करतो.” त्या म्हणाल्या, “रंगीत तालमीपर्यंत. तोवर नाही झालं, तर तो प्रसंग मी बदलणार.”

उपाय पुस्तकात आहे. लोखंडाच्या भुकटीपासून केलेल्या बांगडीएवढ्या कडीवर तांब्याची तार गुंडाळून कॉइल करायची आणि ती विजेच्या वाटेत जोडायची. धक्का सौम्य होतो. वाचायला सोपं... करून बघितलं तर वेगळंच. वेढे वाढवले की आवाज कमी व्हायचा, पण कॉइल इतकी तापायची की हात लावता येत नव्हता. वीज दिव्याऐवजी तिथेच जळायची. तार जाड घेतली तर ती कडीत मावायची नाही. वेढे कमी केले की पुन्हा घूं. शेजारी जुना रेडिओ लावून मी तपासायचो. डिमर फिरवला की तो करवादायचाच. रंगीत तालीम जवळ आली आणि माझ्याकडे नुसता तारेवरच्या जळक्या वार्निशचा वास होता.

त्या दिवशी चुलत बहिणीचा साखरपुडा होता. अम्मा आणि नान्ना, म्हणजे आई-वडील, सकाळीच गेले. मी कॉइलसाठी मागे राहिलो. दुपारी लक्षात आलं की दुकानातून चुकून जरा बारीक तारेचं रीळ आणलंय. कोरी कडी आणि ते रीळ खिडकीखालच्या पाटावर ठेवलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तार बदलायला गेलो. मागचं दार आम्हाला नाही. खिडकीला जाळी आहे. दुकान बंद निघालं, तसाच परत आलो.

कुलूप जसंच्या तसं. पाटावर कॉइल तयार होती.

आधी वाटलं, ही आपलीच जुनी एखादी असेल. पण जुन्या सगळ्या डब्यात होत्या, आणि माझी एकही कॉइल कधी इतकी नीटस झालेली नाही. बारीकच तार, पण दोन-दोन पदर शेजारी शेजारी घेऊन गुंडाळलेली. मी सगळ्या कडीवर गोल फिरून पहिल्या वेढ्यांवर परत यायचो. इथे वेढे कडीभर सरकत गेले होते आणि सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी होती. टोकाला कच्च्या सुताची बारीक गाठ. हातात घेतली तर कोमट लागली... उन्हाने असेल, म्हणालो. पण त्या खिडकीत दुपारी ऊन येत नाही.

भीती वाटली का? खरं सांगू, वाटली, पण पहिला विचार ‘जोडून बघू’ हाच आला. जोडली. रेडिओ लावला. डिमर हळूहळू खाली आणला. दिवा अर्धा झाला, पाव झाला, नुसती लाल तार राहिली... आणि रेडिओवरची बाई शांतपणे बाजारभाव सांगत राहिली. मी परत वर नेला, परत खाली आणला. कॉइलला हात लावला. तापली नव्हती. मी एकटाच त्या खोलीत ओरडलो.

संध्याकाळी अम्मा आली. “जेवला नाहीस ना?” म्हणत भांडी उघडायला लागली. मी कॉइल तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली आणि टोकाची गाठ बोटाने चाचपली.

“कोण आलं होतं रा घरी?”

“कोणी नाही अम्मा. कुलूप होतं.”

“ही डाव्या हाताने गुंडाळलीय. आणि ही गाठ... मला नाही येत. ही अक्काची गाठ.”

अक्का म्हणजे माझी पेद्दम्मा, नान्नांची थोरली वहिनी. ती डावखुरी होती. जन्मभर तिने मागासाठी कांड्या भरल्या, म्हणजे बाण्याचं सूत नळीवर गुंडाळून दिलं. मी दहावीला असताना ती माझ्या शेजारीच बसायची, त्याच खिडकीखाली. म्हणायची, “तू वाच, मी भरते.” सूत बारीक आलं की दोन पदर एक करायची आणि टोकाला बोटभर जागा कायम मोकळी ठेवायची. शेवट सुरुवातीपाशी नेला की गुंता होतो, असं तिचं म्हणणं. मी बारावीत असताना ती गेली.

नान्ना चप्पल काढता काढता म्हणाले, “अगं, यानेच अर्धवट झोपेत केली असेल आणि विसरला असेल. इंजिनीअर होतोय आता!”

“बुटाची नाडी धड बांधता येत नाही याला,” अम्मा म्हणाली, “आणि ही गाठ कुठून येणार?”

नान्ना हसले. मग त्यांनीही कॉइल हातात घेतली, आणि मग हसले नाहीत.

सलीमला सांगितलं तर तो म्हणाला, “इत्ते दिन तू घर में बैठ के करा सो नै हुआ, खाली घर में हो गया? अब तू बाहरीच घूम रे बाबा!”

कॉलेजात सरांनी ती जोडून विजेची लाट स्क्रीनवर बघितली. जिथे लाटेला उभा कडा होता तिथे छान उतार आला होता. सर म्हणाले, “दोन पदरांमुळे तारेचा विरोध कमी झाला, म्हणून तापत नाही. सुरुवात आणि शेवट लांब, म्हणून आवाजाला मधूनच उडी मारता येत नाही. रीत जुनीच आहे, पण आपल्या पुस्तकात नाही. तुला कुणी शिकवली?”

मी म्हटलं, “घरी, सर.”

मग ती समोर ठेवून मी आणि अम्माने बाकीच्या दिव्यांसाठी तशाच कॉइल केल्या. त्याही चालल्या. रंगीत तालमीत उजेड विझत गेला, आणि मॅडमनी ते वाक्य नुसत्या श्वासाएवढ्या आवाजात म्हटलं. दिवे लागल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “प्रसंग बदलायचा नाही.”

म्हणजे ती कॉइल का चालली, हे मला आता नीट सांगता येतं, गणितासकट. पण ती केली कोणी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या खिशात होती. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मी वाद घालणार नाही.

स्पर्धा कोल्हापुरात होती आणि त्याच दिवशी माझा पेपर, त्यामुळे मला जाता आलं नाही. संध्याकाळभर सलीमचा फोन बंद. अम्मा म्हणत होती, “वाईट असतं तर आधी कळलं असतं.” मला उलट वाटत होतं. पुन्हा कोणीतरी गिरणी म्हणून ओरडलं असेल, आणि सांगायला कोणाला तोंड नसेल...

सकाळी नळाला पाणी आलं होतं, मी बादल्या भरत होतो, तेव्हा फोन वाजला. सलीमचा घसा पार बसला होता.

“चार्जिंग नै था रे. सुन. मॅडमका आखरी डायलॉग बाल्कनी में पीछे तक गया. एक आवाज नै, कुछ नै. नाटक पयला आया. और लाईट का इनाम भी अपना. मॅडमने स्टेज पे जा के तेरा नाम दिया. पूरा नाम. दो बार पढना पडा माईकवाले को.”

“दोनदा का?”

“पयली बार तालियों में सुनाईच नै दिया ना!”