आसाजवळचा ठिपका

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या वर्षीची, १९२९ची गोष्ट. खंडेनवमीला तिथल्या गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. माझा धाकटा भाऊ तिथं चालत्या चाकांच्या आसांना तेल घालायचा. मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचो, आणि समोर फळा नसला तरी शिकवायचोच. जित्याची खोड, दुसरं काय.

पूजेत भावानं मोठ्या चाकाला कुंकवाचे दोन ठिपके लावले, एक कडेला, एक आसाजवळ. नारळ फुटल्यावर रिवाजाप्रमाणे इंजिन थोडा वेळ चालवलं. कडेच्या ठिपक्याचं नुसतं लाल कडं झालं. आसाजवळचा मात्र नजरेला सापडत होता.

"दादा, चाक तर एकच की. मग हे असं कसं?"

मी खुलून सांगितलं. फेरी दोघांची एकदमच पुरी होते, पण कडेच्याची वाट लांब, म्हणून त्याला पळावं लागतं. आसाजवळच्याचं सावकाश चालतं.

"म्हंजे मधी भ्याचं काय न्हाय. मास्तर लई हुशार हाय आमचा."

मधी भ्यायचं नाही, ही मला त्याची थट्टा वाटली. जात्याचा खुंटा कडेला का असतो, हे आमच्या आईलाही ठाऊक होतं. मध्याजवळ धरलं तर जातं हलत नाही. आसाजवळ वेग कमी, पण ओढ सगळ्यांत जबर. तिथं कापड अडकलं की सुटत नाही. एवढं एक वाक्य मी बोललो नाही. कौतुकानं माझं पोट भरलं होतं.

दिवाळी झाली, आणि आठवड्याभरात त्याच्या धोतराचा सोगा आसात गुंडाळला गेला. इंजिन थांबेपर्यंत तो गेला होता.

तेराव्यानंतर त्याची बायको माझ्यासमोर येऊन बसली. एरवी ती माझ्याशी दाराआडूनच बोलायची.

"भावजी, आदी रोज भीत जायचे ते. कासोटा दोनदा आवळायचे. नवमीपास्नं म्हणायचे, दादानं समजावलंय, आता भ्या न्हाय. तेवढा म्हैना सुकात गेला त्यांचा. तुमचे लई उपकार हायत."

मला माझी शिसारी आली. रडू आवरेना. भावासाठी रडतोय असं समजून तिनंच उठून मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो, आणि तिला काही सांगितलं नाही.