पहिल्या घराचा मान

"कुणाकडं आलाव?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकलं की हा प्रश्न यायचाच. आवाज चढा, हात उन्हाला आडवा कपाळावर, आणि नजर तुमच्या पायताणापासून पार डोक्यापर्यंत. विचारायची ताई, पण प्रश्न मुळात तिच्या सासऱ्याचा, म्हणजे आबांचा. तेलगावातली आमची गल्ली अशी, की आत यायची वाट एक आणि सगळ्यांचं आडनावही एक. नुसतं आडनाव घेऊन आलेला पाहुणा हमखास भलत्याच घरी चहा पिऊन जायचा. म्हणून आबा तोंडाशी बसायचे, नाव विचारायचे आणि घर दाखवायचे. आबा गेले आणि सुनेनं तो प्रश्न उचलला. तिला अख्खी गल्ली ताई म्हणते. वयानं दुप्पट असून मीही म्हणतो.

मी घाणेवाला. करडईचं तेल काढतो, आणि चांगलं काढतो. उगाच लाजायचं कशाला?

ताई माजलगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होती. माहेर आणि सासर, दोन्हीकडची माणसं मेंढरांमागं हिंडलेली. कॉलेजनं मोडीत काढलेला एक डबा तिनं रीतसर मागून घरी आणला आणि ज्वारीच्या कणगीशेजारी फळीवर मांडला. त्याला ना पडदा, ना बटणं. एक हिरवा दिवा आणि घूंऽऽ आवाज, बस्स. खाली इन्व्हर्टरची बॅटरी, कारण आमच्याकडची लाइट कधी जाईल ते तिलाच ठाऊक.

"हे काय गं?" मी विचारलं.

"सर्वर हाय, दादा. आपल्या गल्लीच्या साइटी आपल्याच घरात ठिवू. दुसऱ्याच्या ओसरीवर कावून बसायचं?"

शाळेची साइट, तालमीची साइट, माझ्या घाण्याची साइट. एवढ्या सगळ्या त्या एका डब्यात कशा राहणार, हे माझ्या टकुऱ्यात शिरेना. ती हसली.

"आपल्या गल्लीत एकाच वाटंनं समदी येत्यात का न्हाई? तसंच हाय. सर्वर फकस्त इचारतो, कुणाकडं आलाव? नाव सांगितलं की त्या घरी सोडतो."

आता बोला! मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

पण मी अट घातली. माझं नाव पहिलं पाहिजे. तुम्ही आमच्या जिल्ह्यातले असाल तर हसणार नाही. आमच्याकडं बॅनरवर फोटोचा क्रम चुकला तर सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात.

"पहिल्याला मान हाय, दादा, पण तरास बी हाय," ताई म्हणाली. "पाव्हण्यानं सांगितलेलं नाव सर्वरला ठावं नसंल, तर त्यो सरळ पहिल्या घरी जातो."

"येऊ दे की! घाणेवाल्याच्या दारात पाव्हणा कवा जड झालाय? तू लिही."

तिनं लिहिलं. मी गल्लीभर सांगून आलो.

गल्लीच्या शेवटच्या घरात तिची चुलत सासू राहते. घोंगड्या विणते. मागाचा खड्डा घरातच, आणि त्यात म्हातारीचे पाय लग्न होऊन आल्यापासून सोडलेले. तिच्या पोरानं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर खड्डा बुजवून फरशी टाकतो. म्हातारी भांडली नाही. "खड्डा बुजला तर मी पाय कुठं सोडू?" एवढंच ताईला म्हणाली. ताईला ते लागलं. तिनं घोंगड्यांचे फोटो काढले, म्हातारीच्या नावानं साइट उभी केली, आणि नाशिकच्या एका दुकानदार बाईला कळवलं, रविवारी दुपारी बघा.

रविवारी दुपारी माझाच फोन वाजला.

"अहो, मला घोंगडी बघायची होती. इथं तर करडईचं तेल दिसतंय."

"बाई, घाण्यावर घोंगडी कशी मिळंल?" मी करवादलो. जेवण करून आडवा झालो होतो, डोकं फिरणारच. फोन ठेवणार, तेवढ्यात तोंडातून आपोआप निघालं, "कुणाकडं आलाव?"

बाईंनी म्हातारीचं नाव घेतलं.

"थांबा! ठिवू नका!" म्हणत मी अनवाणी पळालो. तापलेल्या फरशीनं तळवे भाजले. म्हातारी मागावर होती. तिच्या कानाला फोन लावला, तर ती बावरली. हात मात्र थांबले नाहीत. खट्‌, खट्‌.

"हा मागाचा आवाज का हो?" पलीकडून बाई म्हणाल्या. "चालू राहू दे. मी ऐकतेय."

बाईंनी दुकानासाठी घोंगड्या सांगितल्या, दर हंगामाला लागतील म्हणाल्या. खड्डा वाचला.

झालं होतं असं, की ताईनं नवं नाव सर्वरात लिहिलं, पण ते सर्वरला नव्यानं वाचायला लावायचं घाईत राहिलं. बिचारी रडकुंडीला आली. मी म्हणालो, "रडती कावून? पाव्हणा वाट चुकला, पहिल्या घरी आला, पहिल्या घरानं पोचवला. मान काय उगाच घेतलाय का मी?"

तरी दुसऱ्या दिवशी तिनं मला पहिल्या जागेवरून काढलंच! मी तावातावानं गेलो. तिनं मोबाइल पुढं धरला. पहिल्या जागी आता कुणाचंच घर नव्हतं. मोठ्या अक्षरांत फक्त "कुणाकडं आलाव?" आणि खाली सगळ्यांची नावं.

"ही जागा आबांची हाय, दादा."

माझा राग जागीच विरला. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

ताई आता संभाजीनगरला असते. मोठ्या दवाखान्याचे सर्वर सांभाळते. आमचा डबा माझ्या घाण्यात आहे, तिकडून त्याच्यावरही तिची नजर असते. गल्लीचं तोंड मात्र ओकं वाटतं.

मागच्या महिन्यात तिला भेटायला गेलो. एका हातात तेलाचा डबा, खांद्यावर घोंगडी. म्हातारीनं मागावरून नुकतीच उतरवून दिली होती, तिथल्या एसीत पोरगी गारठत असेल म्हणून. काचेच्या दारात वॉचमननं अडवलं. माझ्या पायताणापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोणाकडे आलात?"

मी घोंगडी खांद्यावर नीट सारखी केली आणि ताईचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.